पहिले बॅरिंग, मग चौकशी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दुपारी जेवून नागपुरात, सक्करदऱ्याच्या घरात पंख्याखाली आडवा झालो, की डोळा लागता लागता मला एक आवाज ऐकू येतो. दूरचा, जाडसर, एकसुरी. कानानं ऐकू येतो असंही नाही, हाडांतून येतो. तो सुरू असला की मी तान्ह्या पोरासारखा गाढ झोपतो. कधी कधी मात्र झोपेतच तो थांबतो, आणि मी दचकून उठून बसतो.

"काय झालं जी?" बायको विचारते.

"बंद पडलं."

"काय बंद पडलं? पंखा तं सुरू हाये. झोपा ना चूपचाप."

काय बंद पडलं ते तिला चांगलं ठाऊक असतं. उभ्या संसारात तिनं त्या आवाजाबद्दल इतकं ऐकलंय, की एखादीला सवतीबद्दलही इतकं ऐकावं लागत नसेल.

तो आवाज टर्बाइनचा. मी औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनवर ऑपरेटर होतो. कुठलं केंद्र ते सांगत नाही. विदर्भाला कोळशाचा आणि वीज केंद्रांचा तोटा नाही, त्यातलं एखादं समजून घ्या. माझं काम काय, हे नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. लाईट गेली की फोन यायचा, "दामूभाऊ, कधी येईन?" जशी काही मी घरी पत्र्याच्या डब्यात वीज भरून ठेवली आहे. एका लग्नात ऐन पंगतीत लाईट गेली, तेव्हा मामेसासऱ्यांनी चारचौघांत माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी वाढलेलं ताट ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

म्हणून आधी थोडक्यात सांगतो. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, ती वाफ पात्यांवर आदळते. ही पाती ज्या भल्यामोठ्या पोलादी दांड्यावर बसवलेली असतात, तो रोटर. तो मिनिटाला तीन हजार वेळा फिरतो, त्याला जोडलेल्या जनरेटरमधून वीज निघते. बस्स. बाकीचं सगळं साहेब लोकांच्या परीक्षेसाठी असतं.

आता हे मशीन मोठं मानी. जरा कुठे बिनसलं, कोळसा ओला आला, एखादा पंप रुसला, की ते स्वतःच्या जिवासाठी स्वतःच वाफ तोडतं. याला आम्ही ट्रिप म्हणतो. ट्रिप झालं की आधी कान फाटतील असा वाफेचा फुत्कार होतो आणि मग आवाज उतरायला लागतो. उतरत, उतरत, जात्याच्या घरघरीएवढा होतो, मग तोही राहत नाही. त्या शांततेसारखी भयाण शांतता मी दुसरीकडे कुठे अनुभवली नाही. एवढा अवाढव्य हॉल, आणि त्यात छपरावरच्या पारव्यांचं घुमणं ऐकू यायचं.

आणि इथेच टर्बाइनवाल्याचं खरं काम सुरू होतं. मशीन बंद पडलं म्हणजे आपण सुटलो, असं बाहेरच्याला वाटेल. पण तापलेला रोटर नुसता उभा ठेवला तर तो वाकतो. खालची बाजू आधी निवते, वरची गरम राहते, शिवाय स्वतःचं वजन. केसाएवढा वाकतो, डोळ्यांना दिसतही नाही. पण तीन हजाराच्या वेगात केसाएवढा वाक म्हणजे मशीन जागेवरून उखडलंच समजा. म्हणून रोटर थांबता क्षणी एक लहानशी मोटर जोडून त्याला हळूहळू फिरवत ठेवायचं. वीज नाही, वाफ नाही, काही उत्पन्न नाही, नुसतं फिरायचं. याला बॅरिंग म्हणतात. पूर्ण निवेपर्यंत, नाहीतर पुन्हा वाफ मिळेपर्यंत, रोटर बॅरिंगवर असतो.

एकदा खेड्यावरच्या बायकांचं एक मंडळ केंद्र पाहायला आलं होतं. त्यातल्या एका म्हातारीनं ते संथ फिरणं बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "बंद हाये म्हंता, अन् फिरून काहून राह्यलं बाप्पा?" मी सांगितलं. ती मान हलवत म्हणाली, "म्हंजे बाळंतिणीवाणी. एकदम उठवाचंबी नाही, अन् एकदम पडूबी द्याचं नाही." पुढे नवीन पोरं शिकायला आली की मी त्यांना हेच सांगत असे.

या सगळ्यात माझा जोडीदार धनराज. कळमेश्वरच्या बाजूच्या एका खेड्यातला. ताडमाड उंच, अंगावर मांस नाही, कानामागे बिडी. आमच्या मजल्यावर बिडी-काडी म्हणजे साक्षात मरण, कारण जनरेटर थंड ठेवायला त्यात हायड्रोजन भरलेला असतो. म्हणून धनराज सवड मिळाली की कूलिंग टॉवरजवळच्या बाभळीखाली जायचा. त्या टॉवरांतून बारा महिने तेरा काळ बारीक तुषार पडत. भर मे महिन्यात बाकीचा मुलूख भाजून निघत असताना त्या बाभळीखाली ओलसर धुकं असायचं आणि त्या धुक्यात धनराजच्या बिडीचा धूर मिसळलेला. तो तिथून परत यायचा तेव्हा त्याच्या केसांवर पाण्याचे थेंब असत आणि चेहऱ्यावर स्वप्नातून उठल्यासारखा भाव. मी बिडी पीत नव्हतो. तरी खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला त्याचा हेवा वाटायचा.

धनराजची एक सवय होती. रोटर बॅरिंगवर आला की कपलिंगजवळ, म्हणजे तो जनरेटरला जोडलेला असतो तिथे, जो थोडासा दांडा उघडा दिसे, त्यावर तो खडू टेकवून एक रेघ उमटवायचा. मग स्टूल घेऊन समोर बसायचा. रेघ वर यायची, पलीकडे उतरायची, नाहीशी व्हायची, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा खालून उगवायची. मीटर होतं की तिथे, फिरतंय की नाही ते सांगणारं. पण धनराज म्हणायचा, "मीटरले काय कळते गा? रेघ दिसली की जीव थाऱ्यावर राह्यते." आम्ही दोघं तासन् तास त्या रेघेकडे पाहत बसलोय. बोलणं नाही, काही नाही. आज मागे वळून पाहतो तेव्हा नोकरीतलं सगळ्यात सुखाचं काही असेल तर ते तेवढंच वाटतं.

आता मथळ्यातल्या वाक्याबद्दल. एकदा मशीन ट्रिप झालं तेव्हा हजर असलेले साहेब फार कडक होते. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना उभं करून विचारायला सुरुवात केली. कोणाची चूक? कोण कुठे होतं? कोणी बटण दाबलं? जो तो आपापली कातडी वाचवायच्या मागे. या गडबडीत बॅरिंगची मोटर नीट जोडली गेली नाही, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. धनराज तिकडून ओरडत आला तेव्हा रोटर उभा होता. किती वेळ उभा होता देव जाणे. वाक सरळ होईपर्यंत पुढे पुरते दोन दिवस आम्ही हात चोळत बसलो. ट्रिप झाल्यामुळे नव्हे. ट्रिप तर तासाभरात निस्तरली असती. चौकशीमुळे.

त्यानंतर मी पॅनलच्या बाजूच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं, "पहिले बॅरिंग, मग चौकशी." कोणी पुसलं नाही. साहेबांची बदली झाल्यावर कोणीतरी तीच अक्षरं रंगानं गिरवलीही.

आणखी एक प्रसंग सांगतो, तो कधी कधी मला झोपेतही दिसतो. उन्हाळ्यातली दुपार. कुठेतरी दूर ग्रिड कोसळलं आणि आमची सगळी युनिटं एकदम बसली. वीज तयार करणाऱ्या केंद्रात वीजच नाही. दिवे नाहीत, पंखे नाहीत, बॅरिंगची मोटरही नाही. तेलाचा पंप तेवढा बॅटरीवर कसाबसा सुरू. अशा वेळी एक लांब लोखंडी दांडा लावून रोटर हातानं फिरवायचा असतो. चार माणसं लागली की अर्धा फेरा होतो. जरा थांबायचं, पुन्हा अर्धा फेरा. छपराच्या काचांतून उन्हाचे तिरपे पट्टे खाली येत होते, त्यात राखेचे कण तरंगत होते, आणि आम्ही घामानं निथळत दांडा ओढत होतो. धनराज बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होता. वेळ संपली का, शिफ्ट बदलली का, कोणाला भान नव्हतं. एवढं अजस्र धूड आमच्या हातानं हलतंय, या नवलातच आम्ही होतो. खडूची रेघ वर यायची, जायची. दिवेलागणीच्या सुमारास वीज आली, मोटर सुरू झाली, आणि आम्ही जिथे होतो तिथेच फरशीवर बसलो.

"धनराज," मी म्हटलं, "दुपारपासून बिडी नाही पेला तू."

त्यानं कानामागे हात नेला. बिडी घामानं भिजून लगदा झाली होती. "अरे हो गा," तो म्हणाला, "ध्यानातच नाही राह्यलं." आणि खो खो हसला.

आम्ही दोघं पाठोपाठ निवृत्त झालो. धनराजनं माझ्याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून घर बांधलं. सुखानं दिवस चालले होते, आणि एका हिवाळ्यात त्याच्या डाव्या पायाची करंगळी निळी पडली. थोडं चाललं की पोटरीत गोळा यायचा, थांबला की जायचा. थंडीचं असेल, म्हणून कुसुमवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, तेल लावून पाहिलं. करंगळी निळ्याची काळी झाली, तेव्हा मी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाई वयानं लहान होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी पायावर ठिकठिकाणी बोटं ठेवून नाडी शोधली, यंत्र लावून तपासलं आणि म्हणाल्या, "काका, पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात. तुमच्या बिडीनं. बिडी आणि पाय, दोन्ही नाही राहणार. एक ठेवा."

"एखादी बी नाही?" धनराजनं विचारलं.

"एखादी बी नाही. आणि रोज चालायचं. हळू चाला, दुखलं तर थांबा, पण चाला."

धनराजनं त्याच दिवशी बिडी सोडली. लोक सोडण्याची भाषा करतात, हा माणूस नुसता गप्प झाला. तळमळायचा, वहिनींवर खेकसायचा, बडीशेप चघळून त्याच्या जिभेची चव गेली. पण हात लावला नाही. रोज पहाट फुटली की आम्ही सक्करदरा तलावाच्या काठानं येरझारा घालू लागलो. सुरुवातीला धनराज पिंपळापर्यंतही पोचायचा नाही. मग थांबायचं, पोटरीतली कळ ओसरेपर्यंत पाण्यावरचं धुकं पाहत उभं राहायचं, पुन्हा चालायचं. त्या धुक्यात कधी कधी तो नाक वर करून हुंगायचा. त्याला काय आठवतंय ते मला कळायचं. मी विषय काढत नसे.

जिथून चालायला सुरुवात करायची तिथे, सिमेंटच्या ओट्यासमोर, त्यानं पहिल्याच दिवशी खिशातून खडू काढून रस्त्यावर एक रेघ मारली होती. परत येताना रेघ दिसली की म्हणायचा, "आला गा फेरा." रेघ पुसट झाली की पुन्हा ओढायचा. हळूहळू त्याचा पाय गरम राहू लागला. करंगळी वाचणार नव्हती, ती काढावी लागली. पण बाकी पाऊल गुलाबी झालं, आणि बाई म्हणाल्या, "असंच चालू ठेवलं तर पाय तुमचा."

मग यंदाच्या उन्हाळ्यात धनराज अचानक यायचा बंद झाला. पहिल्या दिवशी वाटलं, पाहुणे आले असतील. दुसऱ्या दिवशी फोन केला, उचलला नाही. आणखी काही दिवस गेले. एका सकाळी मी एकटाच तलावावर उभा होतो आणि पायाशी पाहिलं, तर रेघ जवळजवळ पुसून गेली होती. तसाच त्याच्या घरी गेलो.

दार वहिनींनी उघडलं. डोळे सुजलेले. "या भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमीच पाहा आता. माह्यं तं ऐकूनच नाही राह्यले. दिवसभर मांगच्या आंगनात बसून राह्यते."

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ, पालथ्या बादलीवर धनराज बसला होता. हातात पेटलेली बिडी, जवळ बंडल. पायाशी थोटकं. मला पाहून त्यानं ती लपवलीही नाही.

माझं डोकं फिरलं. मी तापट आहे, हे बायको सांगतेच, त्या दिवशी धनराजलाही नव्यानं कळलं असेल. "कोणी देल्ली तुले?" मी ओरडलो. "कवापासून चालू हाये? कोठी गेला होता? कोण होतं संग? पाय पाह्यला का सोताचा? बाईनं काय सांगतलं होतं? वहिनीकडे तरी पाहाचं होतं बे!"

तो शांतपणे ऐकत होता. मी दम घ्यायला थांबलो, तेव्हा धूर सोडत म्हणाला, "झाली का कमिटी तुही? पहिले बॅरिंग, मंग चौकशी. भितीवर कोनं लिवलं होतं गा?"

मला गप्प करायलाच बोलला होता तो. पण बोलून गेल्यावर ते वाक्य त्यालाही लागलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. बिडीचं एक असतं, ओढली नाही की ती आपली आपण विझते. त्याच्या हातातली विझली, तरी त्यानं पुन्हा पेटवली नाही. मी बाजूच्या दगडावर टेकलो. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

मग तो आपणहून सांगू लागला. आमचं जुनं युनिट केव्हाच बंद केलेलं होतं, आता ते तोडून भंगारात काढताहेत हे त्याला कोणाकडून तरी कळलं. मला न सांगता, बसनं, एकटाच गेला तो पाहायला. गेटवर ओळखीचं कोणी उरलं नव्हतं, पण म्हातारा माणूस पाहून एका चौकीदारानं आत सोडलं.

"आपला रोटर बाहेर पडला होता गा," तो म्हणाला. "उन्हात. लाकडाच्या ओंडक्यावर. जंग चढलेला. गॅसनं कापून राह्यले होते बाजूचं. रोटर कापाचा बाकी होता." त्यानं पायाशी पडलेली थोटकं पावलानं बाजूला सारली. "कोनी फिरवून नव्हतं राह्यलं त्याले. आपुन हातानं फिरवला होता, याद हाये? मी तिथंच बसलो ओंडक्यावर. चौकीदारानं बिडी काढली, मले बी देल्ली. घेतली मी. म्हटलं, आता कोनासाठी सरळ राहाचं?"

"अन् मंग?"

"मंग काय? एक पेल्यावर वाटलं, झालं, मोडलं सारं. आता दुसरी काय अन् दहावी काय. तुले कोणतं तोंड दाखवू? म्हणून नाही आलो."

राग कुठे गेला कळलं नाही, नुसतं भरून आलं. जन्मभर ज्यानं दुसऱ्या कोणाच्या हातचा रोटरसुद्धा क्षणभर उभा राहू दिला नाही, त्यानं स्वतःला असं उभं ठेवलं होतं. मग मी जुन्या सवयीनं जे करायचो तेच केलं. आम्ही फेरीवर असताना, रोटर ज्या टेकूंवर फिरतो त्यांची खोकी तापली का, ते हाताच्या पालथ्या बाजूनं चाचपायचो. तळव्याला घट्टे पडलेले, त्यांना काही कळत नाही, पालथ्या हाताला बरोबर कळतं. मी वाकून त्याच्या डाव्या पावलावर पालथा हात ठेवला. करंगळीच्या जागची कातडी गुळगुळीत होती. बाजूला, घोट्याखाली, थोडी थोडी ऊब होती.

"गरम हाये," मी म्हटलं.

"खरं म्हंतो?"

"कोमट हाये. पण हाये. अन् गरम मशीन उभं ठेवत नाहीत, धनराज. चाल, ऊठ."

"पेलो ना गा मी पण."

"तू ट्रिप झाला. ट्रिप झालं म्हणून कोनी मशीन भंगारात देते काय?"

"देतेत ना. पाहूनच आलो." तो कडवट हसला.

हे मात्र मला लागलं. "आपली उभी नोकरी होईस्तोवर चाललं ते," मी म्हटलं. "त्याच्यात किती खेपा ट्रिप झालं, तुले तरी सांगता येईन काय? हरेक खेपेले उठलं. अन् मले एक सांग, तू बाजूले बसला होता तं पाह्यलं असशीन. वाकला होता काय?"

धनराज एकदम ताठ बसला. त्याच्या डोळ्यांत जुना धनराज दिसला.

"पाह्यलं ना. एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाह्यलं. एवढासा बी नाही वाकला गा. सुतासारखा सरळ हाये. भंगारात बी सरळ हाये."

"मंग सरळ कोनं ठेवला त्याले?"

तो खाली मान घालून रडला. मीही रडलो, लपवत नाही. वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन दगडावरचं बंडल उचललं, कपडे भिजवलेल्या बादलीत बुडवलं आणि त्याच पाण्यात धुणं घासायला बसल्या. तेवढ्यानं आम्हाला हसू आलं. धनराज भिंतीला धरून उभा राहिला आणि आत जाऊन चप्पल शोधू लागला.

ऊन चढलं होतं. तलावावर त्या वेळी फिरणारं कोणी नव्हतं, पाण्यावर नुसती चकाकी होती. आम्ही इतके हळू चाललो की मागून आलेली एक बकरीही आम्हाला ओलांडून गेली. पिंपळापर्यंत पोचेस्तोवर तो दोनदा थांबला. मी काही विचारलं नाही. पाण्यावरून वारा येत होता, डोळे मिटावेसे वाटत होते, आणि खरं सांगतो, मला तो आवाज ऐकू येत होता. दूरचा, जाडसर. परत येताना धनराज ओट्यासमोर खाली बसला, खिसे चाचपले, खडू नव्हता. त्यानं पडलेल्या विटेचा तुकडा घेतला आणि लाल रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंकडे गेलो. त्यांनी नाडी शोधली, बराच वेळ शोधली. शेवटी म्हणाल्या, "आहे. थोडी मंद आहे, पण आहे. पुन्हा प्यायलात, ते सांगायला आलात हे बरं केलंत." धनराजनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ह्या बाई टर्बाइनवर शोभल्या असत्या."

आता सकाळी तलावावर खूप लोक येतात. कानात वायरी घातलेली तरुण मंडळी आमच्या बाजूनं सपासप निघून जातात. परवा एका मुलीनं थांबून विचारलं, "काका, इतकं हळू काहून चालता? तब्येत बरी नाही का?" धनराज गंभीरपणे म्हणाला, "आमी चालून नाही राह्यलो बाई. आमी बॅरिंगवर हावो." ती काय समजली कोण जाणे, पण हसून गेली.

त्या दिवसानंतर त्यानं बिडी कधीच ओढली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. एकदाही ट्रिप न झालेलं युनिट मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. पोळ्याला तो गावी गेला होता, त्याच्या पाठच्या भावाचं त्याच सुमारास अचानक बरंवाईट झालं. सगळं आटोपून तो परतला, ते मला कळलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, मी चहाचं आधण ठेवत होतो तेव्हा फोन वाजला.

"दामू," धनराजचा आवाज थकलेला होता, "ट्रिप झालो गा."

माझ्या जिभेवर सगळे प्रश्न आले. किती, कोणी दिली, का. मी ते गिळले आणि गॅस बंद केला.

"कोठी हायेस?" मी एवढंच विचारलं.

"रेघेवर," तो म्हणाला. "ये लवकर."